खोड आधी सांगा

बैलाचे तोंड उघडण्याआधी ते लोट्यातल्या पाण्याने हात धूत, धोतराच्या सोग्याला पुसत आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणत, "तोंड उघडतो रं बाबा." मग थांबत. बैलाने एकदा मान झटकली, श्वास सोडला, की त्यांचा उजवा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून अलगद आत जाई. बैल खरेच परवानगी देत असे की काय, हे मला कधी कळले नाही. त्यांना कळत असावे. कारण पुष्कळदा ते हात मागे घेत आणि बैलाच्या मालकाला सांगत, "आत्ता नगं म्हनतोय. पाणी पाजा त्येला, मग बगू."

तुम्ही कधी जनावरांच्या बाजारात हिंडला असाल, तर इतर लोक बैलाचे दात कसे बघतात ते पाहिले असेल. वेसण ओढतात आणि तोंड असे फाकवतात, जणू आपली हरवलेली अंगठी आतच आहे. म्हणून या म्हाताऱ्याचे थांबणे माझ्या लक्षात राहिले. सारा बाजार त्यांना आबा म्हणे. खरे नाव मी शेकडो कागदांवर लिहिले आहे, पण इथे लिहीत नाही. आबा एवढे पुरे.

लढाईची वर्षे होती. कोरेगावच्या बाजूला आमच्या गावी दर सोमवारी जनावरांचा बाजार भरे आणि मी त्या बाजाराचा कारकून होतो. वय तीस, दोन पोरांचा बाप, अक्षर मोत्यासारखे. नोकरी त्या अक्षरावर मिळाली. बैलांशी माझा संबंध पोळ्याच्या पुरणपोळीपुरता. या प्राण्याला पुढे शिंगे आणि मागे लाथ असते एवढे ठाऊक होते, म्हणून मी नेहमी बाजूने उभा राहायचो. लाथ बाजूनेही मारता येते, हे ज्ञान मला पहिल्याच सोमवारी मिळाले. घरी लंगडत गेलो तर बायको म्हणाली, "आज सही कोणी केली तुमच्यावर?"

आमच्या बाजाराचे नाव तेव्हा फार वाईट झाले होते. बैलांचे व्यापारी, म्हणजे हेडी, म्हातारा बैल तरणा करून विकण्यात तरबेज. शिंगांवरची वये सांगणारी वळी कानशीने तासायची आणि वरून तेल चोपडायचे. पिकलेल्या केसांवर काजळी फासायची. मीठ घातलेला कोंडा चारायचा, म्हणजे बैल बादलीभर पाणी पितो आणि पोट भरलेले, अंग भरलेले दिसते. शेतकरी बैल घरी नेई आणि चौथ्या दिवशी त्याला कळे, की आपण बैल नव्हे, पाणी विकत आणले. हळूहळू लोक दुसऱ्या बाजारांना जाऊ लागले. तेव्हा गावच्या पंचांनी कमिटी नेमली, नियम केले आणि प्रत्येक बैल विक्रीआधी तपासायला माणूस ठेवायचे ठरवले. माणूस निवडला तो आबा. आणि आबा स्वतः चाळीस वर्षे हेडी होते.

एक पंच उसळून म्हणाले, "हे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या झाल्या."

आबा तिथेच बसले होते. रागावले नाहीत. "व्हय की," म्हणाले. "पर चोराच्या वाटा चोरालाच ठाव्या. शिंगं तासायची कानस ह्या बाजारात पैली मी आणली."

विकणाऱ्याने देवाच्या भंडाऱ्याची शपथ घ्यावी, अशी पंचांची सूचना होती. आबांनी ती मोडून काढली. "देवाला मधी घेऊ नका. देव माफ करतो, आन् हे ह्या समद्यास्नी ठावं हाय. बैलाच्या पाठीवर हात ठिवून बोलाय लावा. बैलाला सारं ठावं असतंय."

तोच नियम झाला. बाजाराच्या मधोमध एक पसरट दगड होता. विकायचा बैल त्याच्याशेजारी उभा करायचा. अंगावरची झूल, कपाळावरचे गोंडे, सगळा साज उतरवायचा. "नवरी नटवा, बैल नटवू नका," असे आबा म्हणत. मग मालकाने बैलाच्या पाठीवर हात ठेवून चार लोकांना ऐकू जाईल अशी त्याची खोड सांगायची. मारका असेल तर मारका, जुवाखाली बसत असेल तर बसका. मग आबा दात बघत, मी दाखला लिही आणि आबा त्यावर अंगठा उमटवत. खोड सांगून दिलेला माल परत नाही. खोड झाकून दिलेला माल केव्हाही परत. एवढाच आमचा कायदा, आणि तो पाठ नसलेले माणूस पंचक्रोशीत नव्हते.

हेडी लोक उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत, तेही बंद करावे असे एका पंचाला वाटत होते. आबांना ते पटले नाही. भाव दोघांचा असतो, तो त्यांनी हवा तर झाकावा. "खोड बैलाची हाय," ते म्हणाले, "ती झाकायचा कुनाला हक न्हाई."

नियम झाला तरी माणसे तीच होती. एक हेडी दगडाजवळ आला, पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या आवाजात सांगू लागला, की या बैलाची एक खोड आहे, अंगावर माशी बसली की हा शेपूट हलवतो. लोक हसले. आबा म्हणाले, "ती माशीची खोड झाली गड्या. बैलाची सांग." हेडी म्हणाला, बैलाची काही नाही. आबांनी बैलाला चार पावले चालवले आणि मान वाकडी करून नुसते ऐकत राहिले. "मागचा उजवा पाय दगडावर नीट वाजत न्हाई," ते म्हणाले. खूर उचलून पाहिला, तर फटीत मेण भरलेले.

"तुमास्नी कसं कळलं आबा?"

"मी गूळ भरायचो," आबा म्हणाले. "मेन लय म्हाग पडतंय."

खोड सांगा, हे त्यांचे पालुपद बाजाराबाहेरही चाले. चहावाल्याने कप पुढे केला की विचारत, "खोड काय ह्येची?" चहावाला म्हणे, दूध कमी आहे. मग समाधानाने पीत. मी रजा मागायला गेलो तर माझे तापाचे निमित्त ऐकून घेत आणि म्हणत, "मास्तर, खोड आधी सांगा. निमित्त मागनं." मग मी सांगे, की सासुरवाडीला जत्रा आहे. मी मास्तर नव्हतो, पण आमच्याकडे हातात टाक दिसला की माणूस मास्तर होतो.

त्यांची नजर गेली आहे, हे मला कधी कळले, याचा नेमका दिवस सांगता येणार नाही. दाखल्यात बैलाचा रंग लिहावा लागे. आधी आबा तोंडाने सांगत: खिल्लारी, पांढरा, कानाशी करडा. मग एका सोमवारी म्हणाले, "रंग तुमीच लिवा मास्तर, तुमास्नी शाईची पारख हाय." मला मान वाटला. दोन महिने मी तो मान मिरवला. मग लक्षात आले, की ते माणसांना हाक मारण्याआधी त्यांच्या बोलण्याची वाट बघतात. लोट्याकडे हात जातो तो दगड चाचपत जातो. दात तर ते अंगठ्यानेच बघत होते. दुधाचा दात बारीक, पक्का दात फावड्यासारखा रुंद. दोन पक्के दात असले की दुसा, चार असले की चौसा, सगळे आले की जुळला. अंगठा फिरवायचा आणि बोलायचे. त्यात चूक होत नव्हती. मग मी कशाला बोलू?

हे मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. खरे सांगायचे तर मला भीती होती. आबा गेले तर बैलाच्या तोंडात हात घालायला पंच मला सांगतील, ही एक. दुसरी भीती त्यांच्यासाठी होती. त्यांची बायको गेलेली, मुलगी पलूसकडे दिलेली. म्हातारा सहा दिवस घराच्या ओट्यावर बसे तो सोमवारसाठी. तो दगड काढून घेतला तर त्यांच्याकडे उरणार काय?

लढाई संपली, पलटणीतले गडी घरी येऊ लागले. कोणी येताना ट्रंक आणली, कोणी मिशा. पलूसकडचा असाच एक शिपाई आमच्या बाजाराचे नाव ऐकून इतक्या लांब बैल घ्यायला आला. लाल पटक्याच्या एका हेड्याने त्याला उंच, देखणा बैल दाखवला. पाठीवर हात ठेवून सांगितले, खोड काही नाही. आबांनी हात धुतले, परवानगी घेतली, अंगठा फिरवला. "चौसा. लिवा मास्तर."

बैलाच्या कपाळावर लोकरीचा मोठा लाल गोंडा होता, डाव्या डोळ्यावर उतरलेला. साज उतरवायचा नियम मला ठाऊक होता. पण आबा काही म्हणाले नाहीत, आणि आबांपुढे मी नियम सांगावा असा मी कोण? तेवढ्यात वारा आला, गोंडा हलला आणि मला त्या डोळ्यात पांढरे काहीतरी दिसले. आता हसा. मला वाटले, बैलाच्या डोळ्यात आभाळ दिसते आहे. त्या दिवशी ढगही होते. मी क्षणभर त्या सौंदर्याने थांबलो, मग खाली मान घालून लिहिले: पांढरा, चौसा, निर्दोष.

पुढच्या सोमवारी ऐन बाजारात एक बैलगाडी आली. मागे तो देखणा बैल बांधलेला, बरोबर तो शिपाई मान खाली घालून चालत, आणि गाडीत त्याची आई. उतरताच तिने विचारले, "बैल पास करणारा कोन हाय हितं?"

झाले होते ते तिनेच सगळ्यांना ऐकवले. बैलाच्या डाव्या डोळ्यात फूल पडले होते, त्या बाजूचे त्याला काही दिसत नव्हते. नव्या बैलाच्या कौतुकाने लेकाने आईला गाडीत बसवून देवाला काढले. वाटेत डावीकडे पाट लागला, बैल सरळ पाटात उतरला आणि मागोमाग गाडी. कोणाला लागले नाही. पण बाई कमरेइतक्या पाण्यात बसून राहिली होती, आणि ते ती विसरायला तयार नव्हती. "लेकानं बारा देशांचं पाणी पिलं," ती म्हणाली, "आन् मला बसल्या जागी पाटाचं पाजलं."

कोणी हसले नाही. सगळे लाल पटक्याकडे बघत होते. तोही तयारीने आला होता. दाखला हातात धरून म्हणाला, "ह्येच्यावर अंगठा कुनाचा हाय? माज्या सांगन्यात ऱ्हायलं आसंल. आबांनी तर बगितलं की. का न्हाई बगितलं?"

शेवटचे तीन शब्द त्याने सावकाश उच्चारले. त्याला ठाऊक होते. कदाचित गोंडा त्या डोळ्यावर त्याच धीराने सोडला होता.

आता प्रसंग काय होता, ते नीट ध्यानात घ्या. आबांनी बघितले होते म्हणावे, तर त्यांचा अंगठा खोटा ठरत होता आणि बाजाराचा एकेक दाखला त्याच अंगठ्यावर उभा होता. नाही बघितले म्हणावे, तर तो दगड आज सुटत होता. तिसरी वाट मात्र सोपी होती. गुन्हा हेड्याचा, खोड त्याने झाकली, माल परत, एवढे बोलून गप्प बसायचे. आबांनी ती वाट घ्यावी म्हणून मी मनात देवाला विनवत होतो. यात माझीही कातडी वाचत होती, हे लपवत नाही.

आबा उठले. "मास्तर, फूल केवढं हाय?"

मी म्हणालो, "चिंचोक्याएवढं."

"त्या दिशी तुमाला दिसलं व्हतं?"

"गोंडा हलला तेव्हा दिसलं."

"मग बोलला का न्हाई?"

"मला वाटलं, आभाळ आहे."

आता मात्र लोक हसले. आबाही हसले. मग म्हणाले, "बरं. मास्तरांनी आभाळ बगितलं. आन् मला गोंडासुदिक का दिसला न्हाई?"

आबा काठीने चाचपत दगडाशी गेले आणि बैल उभा करतात त्या जागी उभे राहिले. "मास्तर, हिकडं या. पाठीवर हात ठिवा."

"आबा, राहू द्या."

"आधी सांगायची ऱ्हायली. आता तरी सांगा."

मी गेलो. बंडीखाली त्यांची पाठ हाडकुळी आणि गरम होती. माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते, तशी माझा हात पडताच थरथरली, मग स्थिर झाली. मी म्हणालो, "यांना दिसत नाही. दोन वर्षं झाली. अंगठ्यानं दात बघतात, ते बरोबर असतात. बाकी काही दिसत नाही. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही." घरी भाजीत मीठ नाही हे सांगतानासुद्धा माझा आवाज कधी एवढा निघाला नव्हता.

आबांनी लाल पटक्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड केले. "तुजं खोटं मला दिसाय पायजे व्हतं. त्येच्यासाठीच मला हितं ठेवल्याला. ती चूक माजी. पर पाठीवर हात तुजा व्हता. ते त्यो बैल आन् तू बगून घ्या."

लाल पटका बैलाजवळ गेला, कपाळावरचा गोंडा सोडला, मुठीत धरला आणि दावे हातात घेतले. बैल परत गेला.

पण आबा अजून तिथेच उभे होते, आणि त्यांना हला असे म्हणायची कोणाची छाती नव्हती. पंच एकमेकांकडे बघत होते. तेव्हा शिपायाची आई पुढे झाली. माणूस बैलाभोवती फिरून बघतो तशी आबांभोवती एक चक्कर मारली.

"दात किती?"

"चार ऱ्हायल्यात," आबा म्हणाले.

"मारकं हाय?"

"न्हाई."

"काम करतंय का बसतंय?"

"करतंय."

बाई पंचांकडे वळली. "खोड सांगून दिल्याला माल परत न्हाई, असा तुमचाच कायदा हाय न्हवं? सांगितली की खोड. आता ठेवून घ्या." मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. "ह्या आभाळ बगणाऱ्याला तेवडं बैल कसं आस्तंय ते शिकवा."

पंचांनी आबांना ठेवून घेतले. दुसऱ्या सोमवारपासून दात त्यांनी बघायचे आणि बाकीचा बैल मी. आबांनी मला शिकवले आणि मी बैलांना भीत भीत शिकलो. डोळ्यात फूल कसे दिसते हे कळल्यावर तर मला चेवच चढला. घरीदारी भेटेल त्याच्या डोळ्यात बघू लागलो. एकदा भर पंगतीत सासूबाईंना सांगितले, की तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. निदान बरोबर निघाले, पण सासुरवाडीला पुढची दोन वर्षे मला पातळ वरण मिळाले. लाल पटका तीन सोमवार आला नाही. मग आला तो इतक्या खोडी सांगू लागला, की त्याचे बैल कोणी घेईना. आबांनाच त्याला सांगावे लागले, की बैलाच्या एखाद्या गुणाचेही नाव घे रं.

आणखी तीन वर्षे आम्ही दोघांनी मिळून एका माणसाचे काम केले. बाजार भरू लागला. खंडाळ्याकडचे लोकही येऊ लागले. मग आबांचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना पलूसला घेऊन जायला आली. त्या सोमवारी गाडीत बसण्याआधी त्यांनी दगड हाताने पुसला आणि लोटा माझ्या हातात दिला. "हात धुत जावा," एवढेच म्हणाले. मी हात धुतो. कानाशी वाकून बोलतोही. बैल मला अजून परवानगी देत नाहीत, पण लाथही मारत नाहीत.

वर्षाने कामानिमित्त सांगलीला गेलो तेव्हा वाट वाकडी करून त्यांना भेटून आलो. तीच भेट शेवटची ठरली. सकाळच्या उन्हात ओट्यावर बसले होते. माझे "आबा" ऐकताच म्हणाले, "या मास्तर. आभाळ कसं हाय?" मांडीवर पणतू होता, आठेक महिन्यांचा, गुटगुटीत. मुलगी चहा टाकायला आत गेली. आबांनी शेजारच्या तांब्यात हात बुडवले, धोतराच्या सोग्याला पुसले, पोराच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "तोंड उघडतो रं बाबा." थांबले. पोराने जांभई दिली. अंगठा आत गेला.

"खालचं दोन आल्यात," ते म्हणाले. "दुसा."

पोराने तो अंगठा मन लावून चावला. आबांनी काढून घेतला नाही. दुसरा हात त्याच्या इवल्या पाठीवर ठेवला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असे म्हणाले, "चावतंय. लिवा मास्तर."